सासूबाईंच्या नावावर घेतलेलं मशीन

आदरणीय यशवंतराव रोकडे यांची आणि माझी पहिली भेट झाली, ती मी त्यांच्याशी खोटं बोलायला गेले होते तेव्हा. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. जन्मभर मुलांना लिहायलाच शिकवलं आहे. पण संपादक मंडळाने 'पहिल्या परिचयापासून लिहावे' असं पत्रात कळवलं आहे, आणि आमचा पहिला परिचय हा असा आहे. त्याला माझा इलाज नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आळ्याजवळच्या एका वाडीवरच्या प्राथमिक शाळेत मी शिक्षिका होते आणि पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. वय चाळिशीच्या आत, पण कानांनी मात्र साथ सोडायला सुरुवात केली होती. हे आमच्या माहेरच्या रक्तातच आहे. वडिलांना पन्नाशीत जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. गाव त्यांना तोंडावर बहिरा म्हणे, कारण तोंडावर म्हटलेलंही त्यांना कळत नसे. मला मात्र ते ऐकू यायचं आणि त्या शब्दाची मी धास्ती घेतली होती. शाळेत कळलं तर पहिलीचा वर्ग काढून घेतील, पालक तक्रार करतील, पोरं मागून नकला करतील, असं सगळं मी मनात रंगवून ठेवलं होतं. पहिलीचा वर्ग हा माझा जीव होता. तो जाऊ द्यायचा नाही एवढं एकच मी ठरवलं होतं.

म्हणून एका रविवारी एसटीने जुन्नरला गेले. बाजारपेठेतल्या एका गल्लीत 'रेडिओ, टेपरेकॉर्डर व श्रवणयंत्र दुरुस्ती' अशी पाटी होती. आत रोकडेसाहेब एका उघड्या रेडिओवर वाकून बसले होते. ते मूळचे आंबेगाव तालुक्यातले, अवसरीकडचे. पुण्याला तांत्रिक शिक्षण घेऊन, काही वर्षं तिथे नोकरी करून ते जुन्नरला आले आणि रेडिओ दुरुस्त करता करता कानाच्या यंत्रांकडे वळले, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की माणूस शांत आहे आणि कपाळावर सोल्डरिंगचा काळा डाग आहे.

"सासूबाईंना कमी ऐकू येतं," मी म्हणाले. "त्यांच्यासाठी मशीन पाहिजे."

"त्यांना सोबत आणलं असतं तर बरं झालं असतं."

"त्या येत नाहीत. गुडघे दुखतात."

गुडघे खरंच दुखत होते. त्या दिवशी मी तेवढंच खरं बोलले. रोकडेसाहेब उठले, पाठ फिरवून फळीवरचं खोकं काढू लागले. त्यांनी तेवढ्यात काहीतरी विचारलं असावं, कारण वळून बघताना ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी नुसतीच हसले. त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मग असं करू, बाई. तपासायला तुम्हीच बसा. एका घरात राहून सासू-सुनेचे कान सारखेच होतात."

मी डी.एड. झालेली बाई. शरीराचे अवयव आणि त्यांची कामं मुलांकडून पाठ करून घेणारी. तरी मी मान डोलावली आणि बसले. त्यांनी माझ्या कानांवर मोठे हेडफोन चढवले, आवाज आला की बोट वर करा म्हणाले. बोट बराच वेळ खालीच राहिलं. मग त्यांनी 'सासूबाईंसाठी' कानाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली, आधी तिथे दाखवून यायला सांगितलं आणि शेवटी एक प्रश्न विचारला. हा प्रश्न ते आजही प्रत्येकाला विचारतात.

"सासूबाईंना कुणाचा आवाज ऐकायचाय?"

"मुलांचा," मी बोलून गेले. "पहिलीच्या." आणि जीभ चावली. "म्हणजे, नातवंडांचा."

"बरं," ते म्हणाले. "लहान मुलांचा आवाज बारीक असतो. त्या हिशोबानं लावून देतो." त्यांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

आता ते मशीन कसं होतं ते सांगायला हवं. हल्लीची यंत्रं बघणाऱ्यांना त्याची कल्पना यायची नाही. काडेपेटीहून मोठी एक डबी, तिच्यात पेन्सिल सेल, डबीतून निघालेली वायर आणि वायरच्या टोकाला कानात घालायचं बटण. पुरुष ती डबी सदऱ्याच्या खिशात ठेवत. बायकांना खिसा कुठला? मी ती ब्लाउजमध्ये खोचली, वायर मानेमागून अंबाड्याखाली घेतली आणि वर पदर. डबी ऐकायची सगळं, पण तिच्या अंगावर जे घासेल ते आधी ऐकायची. खळ दिलेलं सुती पातळ नेसून वर्गात गेले की कानात पत्र्यावर गारा पडत. मुलं काय म्हणतात ते त्या गारांमधून शोधायचं. बाहेरून ट्रॅक्टर गेला की डोक्यात कळ जायची. घामाने डबी आंबायची ती वेगळीच. रोकडेसाहेब दर दोन महिन्यांनी ती उघडून पुसून देत आणि म्हणत, "सासूबाईंना घाम फार येतो, बाई."

आणि शिट्टी! बटण कानात जरा सैल झालं किंवा त्याच्यावर काही दाबलं गेलं की मशीन शिट्टी घालायचं. ही शिट्टी मला कधी ऐकू येई, कधी नाही. एकदा एक मुलगा पडला म्हणून मी त्याला उचलून घेतलं. त्याचं डोकं माझ्या कानाला लागलं. त्याने रडं थांबवून मोठ्या डोळ्यांनी विचारलं, "बाई, तुमच्यात काय वाजतंय?" दुसऱ्या दिवशी वर्गभर झालं होतं की बाईंनी शिट्टी गिळली. एक पालक चौकशीला आले, डॉक्टरला दाखवलं का म्हणून. मी त्यांना सांगितलं की खेळाच्या तासाची शिट्टी पदरात असते. त्या दिवसापासून खोट्याला आधार म्हणून मी खरी शिट्टी गळ्यात घालायला लागले.

रोकडेसाहेबांच्या कामाची एक रीत आहे. मशीन दिलं म्हणजे काम संपलं, असं ते मानत नाहीत. पंधरा दिवसांनी जुन्या मोपेडवरून ते माणसाच्या घरी जातात आणि जिथे त्याला ऐकायचं आहे तिथेच, त्याच्या चुलीपाशी, गोठ्यापाशी बसून यंत्र लावून देतात. मला ही रीत माहीत नव्हती. एका रविवारी सकाळी ते आळ्याला आमच्या दारात उभे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांना मशीनबद्दल चकार शब्द सांगितलेला नव्हता. आतून येऊन बघते तर साहेब चपला काढताहेत.

"नमस्कार आजी. मशीन कसं चाललंय?"

आत्याबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दारात थिजलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि हात कानामागे नेला. "आं? जरा मोठ्यानं बोला पावणं. मला लई कमी ऐकू येतंय."

पुढची दहा मिनिटं रोकडेसाहेब घसा ताणून बोलत होते आणि आत्याबाई 'आं? आं?' करत होत्या. गल्लीतली दोन माणसं भांडण लागलं की काय म्हणून डोकावून गेली. मी चहा आणला. साहेबांनी घोट घेतला आणि आपल्याशीच म्हणावं तसं हळूच म्हणाले, "चहा झकास झालाय."

"आल्याचा हाय. आलं घरचंच हाय आमच्या," आत्याबाई म्हणाल्या.

 साहेबांना असं हसू फुटलं की बशीतला चहा गुडघ्यावर सांडला. आत्याबाई त्यांच्यावरच उखडल्या. "हसताय कशाला? मशीन सुनंचं हाय, तिच्याशी बोला. चुलीपुढं मी हिला काय काय बोलले, ही आपली हसून 'व्हय आत्याबाई, व्हय आत्याबाई'. येवढी गरीब सून कुटं आस्ती का? तवाच वळखलं मी, हिला काय ऐकू येत न्हाई."

मी रडले आणि हसले, दोन्ही एकदम. त्या दिवशी साहेबांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, सेल वाचवायला मशीन बंद ठेवायचं नाही. ही आपल्याकडची खास खोड. लोक मशीन घेतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवतात आणि लग्नाला, ग्रामसभेला काढतात. साहेबांचा एरवीचा शांतपणा इथे संपतो. "दात लग्नापुरते लावता का?" असं त्यांनी एका सरपंचांना सुनावलेलं मी स्वतः पाहिलं आहे. दुसरी गोष्ट त्यांनी जाता जाता, चपला घालताना सांगितली. "मुलांना सांगून टाका, बाई. म्हणजे ती तोंड वर करून बोलतील. यंत्र सगळं काम करत नाही." मी मान डोलावली आणि ती गोष्ट काही केली नाही. साहेबांनी पुन्हा कधी आग्रह धरला नाही. माझं गुपित त्यांनी जपलं. दुकानात कुणी असलं की ते न चुकता विचारत, "सासूबाईंचं कसं चाललंय?" आणि मी सांगे, "बरं आहे."

त्यांचा आणखी एक नियम आहे. ज्याचा आवाज ऐकायचा, त्या माणसाला सोबत आणायचं. नवरे बायकांना घेऊन येतात, आजोबा नातवंडांना आणतात. एकदा दोन म्हाताऱ्या जावा आल्या, एकमेकींकडे पाठ करून बसल्या. थोरली म्हणाली, "आमचं बोलनं बंद हाय. पन ही दिसभर मला काय पुटपुटती, त्ये मला ऐकायचंय." साहेबांनी धाकटीला समोर बसवलं आणि नेहमीसारखं पुटपुटायला सांगितलं. ती आधी लाजली, मग तिला रंग चढला. साहेब डबीचं चाक हळूहळू फिरवत होते. अर्ध्या मिनिटात थोरली ताडकन उठली. "कोन गं चेटकीन?" भर दुकानात जुंपली. साहेब शांतपणे म्हणाले, "मशीन पास झालं." पुढच्या वेळी त्या दोघी आल्या, त्या एका शेजाऱ्याची निंदा करत, एका सुरात.

मध्ये काही वर्षं गेली. डबी जाऊन कानामागे बसणारं छोटं यंत्र आलं. वायर गेली, गारा थांबल्या, घामाची भानगड मिटली. मी केस कानांवरून घ्यायला लागले आणि शाळेतल्या सहकाऱ्यांनी बाईंनी फॅशन सुरू केली म्हणून चिडवलं. पण हे यंत्र आकाराने लहान झालं तरी स्वभावाने जुनंच होतं. जे कानावर येईल ते सगळं सरसकट मोठं करायचं. पुढच्या बाकावरचा दणदणीत मुलगा आणखी दणदणीत व्हायचा आणि मागच्यांचे ओठ मी बघत बसायची. ओठ वाचण्यात मी तरबेज झाले होते. आपल्याला सगळं कळतंय, असा माझा समज होता.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. साहेबांचा निरोप आला, 'सासूबाईंसाठी' नवीन काहीतरी आलंय. दुकानात आता संगणक होता. त्यासाठी साहेब पन्नाशीत पुण्याला जाऊन, आपल्या निम्म्या वयाच्या पोरांशेजारी बसून शिकून आले होते. त्यांनी माझ्या कानामागे नवं यंत्र लावलं, त्याची तार संगणकाला जोडली आणि मी अडाणी चेहरा केलेला बघून समजावलं. "बाई, जुनं मशीन म्हणजे पाटाचं पाणी. पाट फोडला की पिकाला, तणाला, बांधाला, सगळ्यांना सारखंच. हे ठिबक आहे. ज्या रोपाला कमी पडतंय त्यालाच देतं. तुमच्या कानाला मोठे आवाज पोचतात, बारीक पोचत नाहीत. तर बारीक तेवढेच उचलायचे, मोठे आहेत तसे राहू द्यायचे."

मग त्यांनी एक कळ दाबली. कुणीतरी खोकलं. ते मीच खोकले होते. माझा आवाज मला कित्येक वर्षांनी माझ्यासारखा ऐकू आला, रांजणात बोलल्यासारखा नाही. शब्दांच्या शेवटचे 'स' आणि 'त' मी केव्हापासून अंदाजानेच घेत होते, ते आपापल्या जागी बसलेले सापडले. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला आणि मी दचकले नाही. साहेब म्हणाले, कानावर तळवा दाबून बघा. मी दाबला. शिट्टी नाही. पुन्हा दाबला. पन्नाशीला टेकलेली बाई दुकानात बसून चार वेळा कान दाबत होती आणि लहान मुलासारखी हसत होती. साहेब सांगत होते की शिट्टी सुरू होतेय असं वाटलं की यंत्र ती स्वतःच दाबून टाकतं. पण माझं लक्ष नव्हतं. मी त्यांच्या दुकानातला पंखा ऐकत होते आणि आश्चर्य म्हणजे तो त्यांच्या बोलण्याच्या आड येत नव्हता.

"आठ दिवस वापरून बघा," साहेब म्हणाले. "वर्गात ज्याचं तुम्हाला ऐकू येत नाही, त्याच्याशी आधी बोला."

"माझ्याशी कोण बोलतंय ते मला ऐकूच येत नसेल, तर ते कोण हे मला कसं कळणार?"

साहेबांनी थोडा विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि संगणकाची तार सोडवू लागले.

त्या वर्षी माझ्या वर्गात पूजा नावाची मुलगी होती. बारीक अंगाची, खिडकीशी बसणारी. तिची आई टोमॅटोच्या तोडणीला जायची. पूजा वर्गात बोलत नसे. तिला प्रश्न विचारला की ती खाली बघायची, मी दोन क्षण थांबून पुढच्या मुलाकडे वळायची. तिच्या नावापुढे मी माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'बोलत नाही. समज कमी.' तिच्या आईला शाळेत बोलावून मी सांगितलं होतं की पूजाला आणखी एक वर्ष पहिलीतच ठेवावं लागेल. आई म्हणाली होती, "घरी तर लई बडबडती ओ ती." सगळ्याच आया असं म्हणतात. मी मनावर घेतलं नव्हतं.

त्या सोमवारी तोंडी गणितं चालू होती. पूजाचं नाव आलं. "तीन आणि चार किती?" मी सवयीने विचारलं, सवयीने दोन क्षण थांबले आणि पुढच्या मुलाकडे मान वळवली. खिडकीकडून आवाज आला.

"सात."

मी थांबले. पूजा खाली बघत होती. तिचे ओठ जेमतेम हलले होते; मी समोर बघत असते तरी ते मला वाचता आले नसते. मी पुन्हा विचारलं, "पाच आणि दोन?" "सात." "सहा आणि तीन?" "नऊ." मी विचारत गेले आणि ती उत्तरं देत गेली. एकच चुकलं. आठ आणि पाच बारा म्हणाली. मी शेजारच्या मुलीला विचारलं, "ही रोज अशीच बोलते का गं?" ती म्हणाली, "व्हय बाई. ती सांगती, पन तुमी फुडं जाता."

मी खुर्चीवर बसले. पुढच्या बाकावरचा कुणीतरी म्हणाला, "बाई रडत्यात." तेही मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

शाळा सुटल्यावर मी घरी गेले नाही. मिळेल त्या गाडीने जुन्नरला गेले आणि दुकानात गिऱ्हाईक आहे की नाही हे न बघता साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या बाई, तुमचा काय दोष. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. सोल्डरिंगच्या यंत्राची पिन बोर्डातून काढली आणि म्हणाले, "चला."

"कुठं?"

"त्या मुलीच्या घरी."

दिवस मावळायच्या आत आम्ही वाडीवर पोचलो. त्यांच्या मोपेडवर मागे पदर खोचून बसलेली मी आणि वाटेत ओळखीची माणसं. एरवी मी लाजेने मेले असते. पूजाची आई नुकतीच कामावरून येऊन हातपाय धूत होती. साहेब मोपेडपाशीच थांबले. "तुमचं तुम्ही बोला. मी इथं उभा आहे," एवढंच म्हणाले.

मी केस मागे सारले, तिला कानामागचं यंत्र दाखवलं आणि सांगितलं की मला ऐकू येत नाही, बऱ्याच वर्षांपासून येत नाही, आणि तुमची मुलगी वर्षभर बरोबर उत्तरं देत होती.

तिने ओले हात पदराला पुसले. "म्हंजी ती बोलत व्हती?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"आन् मी हिला रोज इच्यारायची, बाईंपुढं तोंड का उघडत न्हाईस म्हनून. दोनदा मारलं बी."

पूजा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिथून ती म्हणाली, "मी सांगत व्हते ना आये."

आईने तिला ओढून पोटाशी धरलं. मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही. माझ्या मनात होतं की आता ही मला चार शब्द सुनावणार आणि ते ऐकून घ्यायचे. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "आता माजं ऐकू येतंय का तुमाला?" मी म्हणाले, येतंय. "मंग बसा, च्या टाकते. त्या पावण्यांना बी बोलवा, का उभं केलंय त्यांना?" आम्ही चहा घेतला. साहेबांनी पूजाच्या हातावर यंत्र ठेवलं आणि ते कुठून ऐकतं ते दाखवलं. मग त्या न बोलणाऱ्या मुलीने त्यांना इतके प्रश्न विचारले की अखेर आईनेच तिला गप्प केलं.

त्या आठवड्यात पालकसभा होती. मी केस घट्ट मागे बांधून गेले आणि उभं राहून सगळ्यांना सांगितलं. वर्ग गेला नाही. कुणी तक्रार केली नाही. मुख्याध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "बाई, शिट्टी आम्हालाही ऐकू यायची की. तुम्ही काही बोलत नव्हता म्हणून आम्हीही गप्प." दहा-बारा वर्षं मी ज्याला गुपित म्हणत होते ते सगळ्या शाळेने मिळून सांभाळलं होतं. पूजा दुसरीत गेली. माझ्या वर्गातली मुलं मान वर करून, ठणठणीत बोलायला शिकली, आणि तपासणीला आलेल्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांनी वर्ग धीट असल्याचा शेरा दिला.

रोकडेसाहेबांनी मात्र ही गोष्ट तिथे सोडली नाही. पुढच्याच वर्षापासून त्यांनी डॉक्टरांना गाठून शाळाशाळांत मुलांचे आणि, माझ्या सांगण्यावरून, शिक्षकांचेही कान तपासायला सुरुवात केली. आधी जुन्नरच्या शाळा, मग आंबेगावातल्या डोंगराकडच्या. 'लक्ष देत नाही' असा शिक्का बसलेल्या पोरांपैकी कुणाच्या कानात मळाचा गोळा निघतो, कुणाचा कान वाहत असतो. या कामात मी त्यांच्यासोबत असते. रविवारी दुकानातही बसते. यंत्र घ्यायला येणाऱ्या बायकांशी बोलायचं काम माझ्याकडे आहे. जी बाई 'सासूबाईंसाठी पाहिजे' म्हणते, तिला मी आधी बसायला खुर्ची देते.

साहेबांचे दोषही लिहावेत असं मला वाटतं, नाहीतर ते हा लेख खोटा ठरवतील. त्यांचं अक्षर भयंकर आहे. चहा दिवसातून मोजता येत नाही इतक्या वेळा लागतो. आणि धंदा त्यांना अजून जमलेला नाही. डोंगराकडचे एक आजोबा नवं यंत्र मागायला आले तर साहेबांनी त्यांची जुनी डबी कानाला लावून बघितली आणि म्हणाले, "बाबा, हिच्यावर तुमचं भागतंय. आजीचं बोलणं कळतं ना? मग राहू द्या." नव्याचं इतकं कौतुक असलेला माणूस अजून जुन्या डब्या उघडून, पुसून, नवी वायर घालून देतो.

हा लेख लिहिण्याआधी मी पूजाच्या आईकडे गेले. तुमचं आणि मुलीचं नाव पुस्तकात घालू का, असं विचारलं. पूजा आता सातवीत आहे. आवाज अजून तसाच बारीक, पण बोलणं कुणाला आवरत नाही. आई म्हणाली, "माजं नाव नका घालू. तिचं घाला. आन् माजी पोर बोलत व्हती, येवढं नीट छापा."

तर तिच्या शब्दाला जागून लिहिते: पूजा बोलत होती. शाळेच्या पहिल्या दिवसापासून बोलत होती. ते मला ज्यांच्यामुळे ऐकू आलं, त्या आदरणीय यशवंतरावांना साठी पूर्ण होत असताना आम्हा सर्वांचा मनापासून नमस्कार. त्यांची नजर आणि हात असेच स्थिर राहोत, मोपेड चालती राहो, त्यांना निरोगी आणि भरपूर मोठं आयुष्य लाभो. दोन्ही तालुक्यांत अजून पुष्कळ मुलं खिडकीशी बसून बरोबर उत्तरं देत आहेत आणि त्यांच्या बाई पुढे जात आहेत. साहेब, त्या बाईंपर्यंत आपल्याला पोचायचं आहे.